अतिशीत रेणूंचे क्यूबिट समजून घेताना

डिसेंबर २०२३ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात दोन शोधनिबंध एकत्र प्रसिद्ध झाले. एक प्रिन्स्टन विद्यापीठातल्या लॉरेन्स च्यूक यांच्या गटाचा होता. दुसरा हार्वर्ड आणि एमआयटीमधल्या जॉन डॉयल, कांग-कुएन नी आणि वोल्फगांग केटर्ले यांच्या संयुक्त गटाचा. दोन्ही गटांनी कॅल्शियम मोनोफ्लोराइडचे सुटे रेणू लेसरच्या चिमट्यांत धरले, एकमेकांजवळ आणले आणि दोन रेणूंमध्ये एंटँगलमेंट घडवून दाखवले. म्हणजे अशी जोडी बनवली की एका रेणूच्या अवस्थेचे वर्णन दुसऱ्याला वगळून करताच येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नी यांच्याच गटाने सोडियम-सीझियमच्या दोन रेणूंवर क्वांटम गेट चालवले. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठातल्या सायमन कॉर्निश यांच्या गटाने रुबिडियम-सीझियमच्या रेणूंची जोडी दीर्घकाळ टिकवली. हे दोन्ही निबंध 'नेचर'मध्ये आले.

हा लेख भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि अशा बातम्या मन लावून वाचणाऱ्या कुणासाठीही आहे. असा निबंध हातात आला तर तो कुठून वाचायला घ्यावा, कोणता हिशोब कागदावर स्वतः करून पाहावा, कोणत्या आकड्यापाशी थांबून प्रश्न विचारावा, आणि या विषयात काम करायचे ठरवले तर तयारी काय करावी, एवढेच इथे सांगायचे आहे. एक गोष्ट मात्र पहिल्यापासून धरून ठेवा. रेणूच्या आत अवस्था फार आहेत. त्याला आवरणे अवघड जाते ते याच कारणाने, आणि तो हवासा वाटतो तोही याच कारणाने. या विषयातला प्रत्येक प्रयोग म्हणजे त्या श्रीमंतीतून नेमक्या दोन अवस्था निवडून बाकीच्यांना गप्प बसवण्याची खटपट आहे.

सुरुवात घूर्णनापासून

अणूत इलेक्ट्रॉनच्या पातळ्या असतात आणि केंद्रकाच्या स्पिनमुळे पडलेले बारीक फाटे असतात. दोन अणूंचा रेणू घेतला की त्यात दोन गोष्टींची भर पडते. दोन्ही अणू एकमेकांच्या संदर्भात कंप पावतात आणि संपूर्ण रेणू स्वतःभोवती फिरतो. क्यूबिटसाठी, म्हणजे शून्य आणि एक लिहायच्या दोन अवस्थांसाठी, आपल्याला मुख्यतः या फिरण्याशी, म्हणजे घूर्णनाशी काम आहे.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षात ताठ घूर्णकाचे गणित येते. ऊर्जा घूर्णनांकाच्या N(N+1) पटीत वाढते. तेच गणित इथे जसेच्या तसे लागू पडते. पहिल्या दोन पातळ्यांमधले अंतर सोडियम-सीझियमसाठी साधारण साडेतीन गिगाहर्ट्झ आहे, रुबिडियम-सीझियमसाठी एक गिगाहर्ट्झच्या किंचित खाली, तर कॅल्शियम मोनोफ्लोराइडसाठी सुमारे साडेवीस गिगाहर्ट्झ. हे सगळे मायक्रोवेव्हच्या टापूत येते. याचा व्यावहारिक फायदा मोठा आहे. मायक्रोवेव्ह तयार करण्याचे, तिची कला नेमकी ठेवण्याचे तंत्र दूरसंचार क्षेत्राने अनेक दशके घासूनपुसून तयार ठेवलेले आहे. शिवाय वरच्या पातळीवरून रेणू आपणहून खाली घसरण्याचा वेग इतका नगण्य आहे की प्रयोगात तो मोजणीतही येत नाही.

आता पहिला हिशोब. ३०० केल्व्हिन तापमानाला उष्णतेची ऊर्जा वारंवारतेत मांडली तर सुमारे ६,२५० गिगाहर्ट्झ भरते. सोडियम-सीझियमचा घूर्णन स्थिरांक १.७४ गिगाहर्ट्झ. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर साडेतीन हजारांच्या आसपास येते. खोलीच्या तापमानाला एक रेणू केवळ घूर्णनाच्या इतक्या अवस्थांमध्ये विखुरलेला असतो आणि त्याचा सर्वांत संभाव्य घूर्णनांक चाळीसच्या वर असतो. अशा रेणूवर शून्य आणि एक लिहिणार कुठे? म्हणून थंडी हवी, आणि तीही केल्व्हिनच्या दशलक्षांश भागाच्या आसपासची. रेणूची जागेवरची हालचाल मंदावण्यासाठी ती लागतेच, पण त्याआधी त्याची एकच एक अंतर्गत अवस्था ठरवून देता येण्यासाठी लागते.

यात केंद्रकांचे स्पिन मिळवा. सोडियमच्या केंद्रकाचा स्पिन ३/२, सीझियमचा ७/२. म्हणजे घूर्णनाच्या सर्वांत खालच्या पातळीतच ४ गुणिले ८, अशा ३२ उपअवस्था. वरच्या पातळीत ९६. निबंध वाचताना पहिल्या पानावरच पेन्सिलीने हा गुणाकार करून ठेवा. लेखकांनी त्यातल्या कोणत्या दोन निवडल्या आणि का, हे शोधायला निघालात की निबंधाचा निम्मा भाग उलगडतो.

थंड रेणू मिळवण्याच्या दोन वाटा

१९९७ चे नोबेल ज्या लेसर-शीतनाला मिळाले, ते अणूंसाठी होते. अणू एका रंगाचा प्रकाश शोषतो, सोडतो, पुन्हा शोषतो. हजारो वेळा हे घडले की त्याचा वेग मंदावतो. रेणू प्रकाश सोडताना बहुधा कंपनाच्या भलत्याच पातळीत जाऊन बसतो आणि तो रंग त्याला दिसेनासा होतो. म्हणून बराच काळ रेणू लेसरने थंड होणार नाहीत असेच धरले जात होते.

पहिली वाट या अडचणीला वळसा घालते. आधी दोन प्रकारचे अणू थंड करायचे, मग चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत त्यांना अतिशय सैल बंधाने जोडायचे आणि शेवटी दोन लेसरच्या जोडस्पंदाने त्या सैल जोडीला थेट सर्वांत खालच्या अवस्थेत उतरवायचे. अमेरिकेतल्या जिला संस्थेत डेबोरा जिन आणि जुन ये यांच्या गटाने २००८ मध्ये पोटॅशियम-रुबिडियमवर हे करून दाखवले. तापमान होते सुमारे ३५० नॅनोकेल्व्हिन. त्या दोन लेसरच्या वारंवारतांमधला फरक सुमारे १२५ टेराहर्ट्झ होता आणि तो अत्यंत स्थिर ठेवावा लागतो, कारण बंध घट्ट होताना सुटणारी सगळी ऊर्जा उष्णता न होता प्रकाशातून बाहेर जायला हवी. विसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राने हे वाक्य वाचून मान हलवली असती. रासायनिक बंध घडतो आणि तरीही काहीच तापत नाही, ही या क्षेत्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे. नी जिलातल्या त्या प्रयोगात विद्यार्थिनी होत्या. पुढे २०१८ मध्ये हार्वर्डला त्यांच्या गटाने एक सोडियम अणू आणि एक सीझियम अणू एकाच चिमट्यात आणून त्यांचा एकच रेणू घडवला.

दुसरी वाट म्हणजे लेसरने थंड होईल असा रेणू निवडणे. कॅल्शियम मोनोफ्लोराइड किंवा स्ट्रॉन्शियम मोनोफ्लोराइडमध्ये एक इलेक्ट्रॉन धातूच्या अणूपाशी रेंगाळतो आणि बंधात फारसा भाग घेत नाही. तो उत्तेजित होऊन खाली आला तरी बंधाची लांबी जवळपास तीच राहते, त्यामुळे कंपनाची पातळी क्वचितच बदलते. चुकार रेणूंना परत आणायला दोन-तीन जादा लेसर लावले की काम भागते. येल विद्यापीठात डेव्हिड डीमिल यांच्या गटाने २०१० मध्ये स्ट्रॉन्शियम मोनोफ्लोराइडवर हे प्रथम साधले. कॅल्शियम मोनोफ्लोराइडला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने आणि हार्वर्डने पुढे नेले.

निबंधात कोणता रेणू आहे हे कळले की पुढचे बरेच अंदाज तुम्हीच बांधू शकता. लेसरने थंड होणारा रेणू प्रकाशात चमकतो, त्यामुळे तो थेट कॅमेऱ्यात दिसतो. अणू जोडून केलेला रेणू चमकत नाही. त्याची अवस्था वाचायची तर त्याला पुन्हा दोन अणूंमध्ये तोडावे लागते आणि अणूंचा फोटो घ्यावा लागतो. फोटोत अणू दिसले नाहीत तर प्रश्न उरतो: रेणू दुसऱ्या अवस्थेत होता की मुळात निसटूनच गेला होता? हा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

ठेवायची अवस्था वेगळी, बोलायची वेगळी

रेणूचे एक टोक किंचित धन आणि दुसरे किंचित ऋण असते. या विद्युत द्विध्रुवामुळेच दोन रेणू अंतरावरून एकमेकांना जाणवतात. पण शुद्ध घूर्णन अवस्थेत असलेल्या रेणूचा द्विध्रुव सर्व दिशांना सारखा पसरून सरासरीत शून्य होतो. पहिल्या दोन घूर्णन पातळ्यांचे मिश्रण केले की तो जागा होतो आणि मायक्रोवेव्हच्या लयीत डोलू लागतो. मग एक रेणू खालच्या पातळीत आणि शेजारचा वरच्या पातळीत असेल, तर ते ती उत्तेजना एकमेकांना देऊ-घेऊ लागतात. ही देवघेव बरोबर अर्ध्यावर थांबवली की एंटँगलमेंट मिळते. पूर्ण होऊ दिली की आयस्वॅप नावाचे गेट.

जी अवस्था शेजाऱ्याला जाणवते, तिला बाहेरचा गोंगाटही जाणवतो. भटके विद्युतक्षेत्र, चिमट्याच्या प्रकाशाची तीव्रता, सगळेच. वरच्या घूर्णन पातळीतल्या रेणूला चिमट्याचा प्रकाश दिशेनुसार वेगळा लागतो, म्हणून दोन पातळ्यांमधले अंतर रेणू चिमट्यात जरासा हलला तरी बदलते. ज्या चिमट्याने रेणू धरला तोच त्याची स्मृती पुसतो. यावर उपाय निघाले. जिलामध्ये प्रकाशाच्या ध्रुवणाचा कोन ५४.७ अंशांच्या आसपास ठेवून हा फरक कमी केला गेला. नी यांच्या गटाने लंबवर्तुळाकार ध्रुवण वापरले. डरहॅमने प्रकाशाची अशी तरंगलांबी निवडली की दोन्ही पातळ्यांना चिमटा सारखाच भासावा, आणि घूर्णनाची सुसंगती, म्हणजे अवस्थांमधला कलासंबंध टिकण्याचा काळ, सेकंदांपर्यंत नेली.

दुसऱ्या बाजूला केंद्रकांचे स्पिन आहेत. त्यांना विद्युतक्षेत्राचे फारसे काही वाटत नाही. एमआयटीमध्ये मार्टिन झ्विर्लाइन यांच्या गटाने २०१७ मध्ये सोडियम-पोटॅशियमच्या केंद्रक-स्पिनमध्ये सेकंदाच्या घरातली सुसंगती मोजली. डरहॅमने २०२१ मध्ये रुबिडियम-सीझियममध्ये ती किमान साडेपाच सेकंद असल्याचे दाखवले. पण केंद्रक-स्पिनमध्ये ठेवलेले दोन क्यूबिट एकमेकांशी बोलत नाहीत.

धान्य कोठीत राहते आणि रांधायचे तेव्हाच ओट्यावर येते, तशी इथली व्यवस्था असायला हवी: माहिती केंद्रक-स्पिनमध्ये ठेवायची, गेट चालवायचे तेव्हा मायक्रोवेव्हच्या स्पंदाने घूर्णनात आणायची, काम झाले की परत. रेणूमध्ये दोन्ही जागा एकाच कणाच्या आत असतात. म्हणून कोणताही निबंध वाचताना मी सर्वांत आधी हेच शोधतो, आणि तुम्हीही शोधावे: माहिती कुठे ठेवली, कुठे बोलती केली, आणि या दोहोंमधली ये-जा करताना किती हरवली. नुसता 'सुसंगती इतके सेकंद' हा आकडा दिला आणि तो कोणत्या अवस्थांचा हे सांगितले नाही, तर त्या आकड्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

एक आकडा लक्षात ठेवा

प्रत्येकी एक डिबाय द्विध्रुव असलेले दोन रेणू एक मायक्रोमीटर अंतरावर असतील, तर त्यांच्यातली ऊर्जा वारंवारतेत सुमारे १५० हर्ट्झ भरते. हा एक आकडा पाठ करा. द्विध्रुव वाढला तर वर्गाने गुणा, अंतर वाढले तर घनाने भागा.

नी यांच्या २०२४ च्या प्रयोगावर तो लावून पाहू. सोडियम-सीझियमचा द्विध्रुव सुमारे ४.७ डिबाय, त्याचा वर्ग २२. दोन घूर्णन पातळ्यांमधल्या संक्रमणासाठी त्यातला तिसरा हिस्सा उपयोगी पडतो, म्हणजे ७.४. अंतर १.९ मायक्रोमीटर, त्याचा घन ६.९. म्हणजे १५० गुणिले ७.४ भागिले ६.९, साधारण १६० हर्ट्झ. अर्ध्या देवघेवीला एका आवर्तनाचा आठवा भाग लागतो, तेव्हा वेळ आली १ भागिले १,२८०, म्हणजे सुमारे ०.७८ मिलिसेकंद. प्रयोगशाळेत लागलेला वेळ ६६४ मायक्रोसेकंद. रेणूंची दिशा, नेमकी उपअवस्था यांचे गुणक आपण सोडून दिले, तरी पाठीमागच्या पानावर केलेला हिशोब 'नेचर'मधल्या आकड्याच्या इतका जवळ येतो. वर्गात हे फळ्यावर करून दाखवायला दहा मिनिटेही लागत नाहीत. शिक्षकांनी ते जरूर करावे. आपण शिकलेला घूर्णक आणि आपण शिकलेला द्विध्रुव मिळून आजच्या प्रयोगापर्यंत पोचतात, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या अक्षरात दिसते.

रुबिडियम-सीझियमचा द्विध्रुव १.२ डिबायच्या आसपास आहे. अंतर तीन मायक्रोमीटर धरले तर तोच हिशोब तीन हर्ट्झच्या खाली जातो. एवढ्या मंद संवादात एंटँगलमेंट घडवायचे तर सुसंगती सेकंदांत असलीच पाहिजे. डरहॅमच्या गटाने योग्य तरंगलांबीसाठी एवढा खटाटोप का केला, ते या एका ओळीत कळते.

पुढचा हिशोब चुकांचा. संवाद अंतराच्या घनावर अवलंबून असल्यामुळे अंतरातली टक्केवारीतली चूक तिप्पट होऊन संवादात उतरते. १.९ मायक्रोमीटर अंतरात ५० नॅनोमीटरची थरथर असेल, तर संवाद आठ टक्क्यांनी हलतो आणि एंटँगलमेंटच्या गुणवत्तेत सुमारे ०.४ टक्के घट होते. थरथर १५० नॅनोमीटर झाली तर घट साडेतीन टक्क्यांवर जाते. रेणूला चिमट्यातल्या सर्वांत कमी हालचालीच्या अवस्थेत नेऊन बसवण्यासाठी गट वर्षे का घालवतात, ते यावरून दिसेल. संगणकावर हे पाहायचे असेल तर पायथन भाषेतले क्यूटिप हे मोफत पॅकेज घ्या. दोन रेणू, प्रत्येकी दोन पातळ्या, चार बाय चारची सारणी. त्यात अंतर थोडे-थोडे बदलत शंभर फेऱ्या चालवा आणि सरासरी काढा. पुढे रेणूची सगळी उपअवस्था-रचना हवी असेल तर डरहॅमच्या गटाने डायअ‍ॅटॉमिक-पाय नावाचे पॅकेज सर्वांना खुले केले आहे. ते चुंबकीय क्षेत्र, विद्युतक्षेत्र आणि प्रकाश यांत रेणूच्या पातळ्या कशा सरकतात याचे आलेख काढून देते.

बातमीतला टक्का कसा वाचावा

सोडियम-सीझियमच्या प्रयोगात जोडीच्या शुद्धतेचा ठळक आकडा ९४ टक्के आहे, अधिक-उणे ३. निबंधाच्या सारांशातच एक अट नोंदवली आहे: हा आकडा दोन्ही रेणू हजर असलेल्या फेऱ्यांचा आहे. एखादा रेणू हरवलेल्या फेऱ्या बाजूला काढलेल्या आहेत. यात लपवाछपवी काही नाही. असे करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे आणि लेखकांनी ते पहिल्या परिच्छेदातच सांगितले आहे. पण बातमीत ती अट गळते. त्यामुळे टक्का दिसला की विचारायचे: कोणत्या फेऱ्या मोजल्या? डरहॅमच्या निबंधात एकाच प्रयोगाचे दोन आकडे आहेत. निवडलेल्या अवस्थांतून बाहेर गळलेले रेणू धरले तर ९२ टक्क्यांच्या आसपास, ती गळती ओळखून वजा केली तर ९७ टक्क्यांहून अधिक. दोन्ही खरे आहेत. पहिला आज यंत्र काय करते ते सांगतो, दुसरा गळती वेळीच ओळखता आली तर काय करता येईल ते सांगतो. चूक कुठे झाली हे कळत असेल, तर ती दुरुस्त करणे बरेच सोपे होते, म्हणून दुसऱ्या आकड्यालाही किंमत आहे.

आणखी एक भेद. तयार झालेल्या जोडीची शुद्धता आणि गेटची शुद्धता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ठरलेल्या एका अवस्थेतून सुरुवात करून हवी ती जोडी मिळाली, तर ती जोडीची शुद्धता. गेट मात्र कुठल्याही अवस्थेतून सुरुवात केली तरी बरोबर चालले पाहिजे, आणि पुन्हापुन्हा चालले पाहिजे. वरचे आकडे मुख्यतः जोडीचे आहेत.

वेळेचा आकडा एकटा वाचू नका. त्याला नेहमी सुसंगतीच्या काळाने भागा. हार्वर्डमध्येच २०२३ मध्ये रिडबर्ग अवस्थेतले अणू वापरून एकाच वेळी ६० अणूंवर ९९.५ टक्के शुद्धतेची द्विक्यूबिट गेट चालवली गेली, आणि एका गेटला मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ लागला. रेणूंचे गेट त्यापेक्षा हजारपटीहून अधिक मंद आहे. चुका दुरुस्त करण्याच्या प्रचलित पद्धतींना गेटची चूक एक टक्क्याच्या खाली हवी असते, आणि आरामात खाली असली तरच त्या परवडतात. इथे रेणू अजून पोचलेले नाहीत.

डीमिल यांनी २००२ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये रेणूंच्या संगणकाचा पहिला तपशीलवार प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यांनी दहा हजार क्यूबिट, पाच सेकंदांची सुसंगती आणि तेवढ्या वेळात सुमारे एक लाख गेट शक्य असल्याचे लिहिले होते. म्हणजे एका गेटला ५० मायक्रोसेकंद. आता शेजारी आजचे आकडे मांडा. पाच सेकंदांची सुसंगती केंद्रक-स्पिनमध्ये मिळाली. गेटचा वेग दहापटीहून अधिक मागे आहे, पण अंतर अर्धे केले तर तो आठपट वाढतो, हे तुम्ही वरच्या नियमावरून लगेच सांगू शकता. खरी दरी क्यूबिटच्या संख्येत आहे: दहा हजार कुठे आणि गेट चाललेले दोन कुठे. चिमटे भरताना प्रत्येक चिमट्यात रेणू येतोच असे नाही, आलेला रेणू योग्य अवस्थेतच असेल असेही नाही, आणि दोन रेणू फार जवळ आले तर रासायनिक क्रियेने किंवा चिकटून दोन्ही नाहीसे होतात. बातमी जुन्या स्वप्नाच्या कितपत जवळ आली, हे मोजायला तो जुना निबंध हाताशी ठेवणे उपयोगी पडते. चार पानांचा आहे आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्याला वाचता येतो.

मग रेणूंच्या मागे लागायचे कशाला? माझे मत सांगतो. येत्या काही वर्षांत सर्वसाधारण क्वांटम संगणकाच्या शर्यतीत रेणू अणूंच्या, आयनांच्या किंवा अतिवाहक मंडलांच्या पुढे जातील असे मला वाटत नाही. त्यांची बाजू वेगळी आहे. त्यांचा संवाद दूरवर पोचतो आणि विद्युतक्षेत्राने तो चालू-बंद करता येतो, त्यामुळे चुंबकीय पदार्थांच्या प्रतिकृती रेणूंमध्ये थेट उभ्या करता येतात. एका रेणूत दोनाऐवजी चार-आठ अवस्था वापरून अधिक माहिती ठेवता येते. व्हिक्टर अल्बर्ट, जेकब कोव्ही आणि जॉन प्रेस्किल यांनी २०२० मध्ये असेही दाखवले की घूर्णनाच्या अनेक पातळ्यांवर माहिती पसरवून ठेवली, तर एकाच रेणूच्या आत चूक-दुरुस्तीची संहिता बसवता येते. साडेतीन हजार अवस्थांची जी पीडा आपण सुरुवातीला मोजली, तिचाच इथे उपयोग होतो. आणि रेणूंची अचूक हाताळणी मूलभूत भौतिकीलाही लागते. इलेक्ट्रॉनचा विद्युत द्विध्रुव शोधण्याच्या सर्वांत काटेकोर कसोट्या रेणूंवरच घेतल्या गेल्या आहेत. तेव्हा या क्षेत्रात शिरणाऱ्याने 'संगणक' या एका शब्दावर आपली सगळी आशा ठेवू नये. इथे शिकलेले कौशल्य तिन्ही दिशांना चालते.

या वाटेने जायचे असेल तर

आधी पाया. कोनीय संवेग आणि त्यांची बेरीज, विचलन सिद्धांत, दोन पातळ्यांची राबी दोलने, या तीन गोष्टींवर इतकी पकड हवी की पुस्तक न उघडता लिहिता आल्या पाहिजेत. क्वांटम संगणनाच्या पाठ्यक्रमांत बहुतेक वेळ गेटच्या सारण्यांत जातो. तेवढ्यावर थांबलात तर रेणूंचा एकही निबंध वाचता येणार नाही. अणुभौतिकीसाठी सी. जे. फूट यांचे पुस्तक घ्या, ते पदवी पातळीवरून उचलते. रेणूंच्या घूर्णनासाठी ब्राउन आणि कॅरिंग्टन यांचा जाडजूड ग्रंथ आहे, पण तो सलग वाचायचा नसतो, लागेल तसा उघडायचा असतो. क्षेत्राचा आजचा आढावा हवा असेल तर कॉर्निश, टार्बट आणि हॅझर्ड यांचा २०२४ चा 'नेचर फिजिक्स'मधला लेख पुरेसा आहे. बहुतेक निबंध अर्काइव्हवर मोफत मिळतात, त्यामुळे महाविद्यालयाकडे नियतकालिकांची वर्गणी नाही ही सबब राहत नाही.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक वेगळे सांगणे. सूक्ष्मतरंग वर्णपटशास्त्र तुम्ही भौतिकवाल्यांपेक्षा चांगले शिकलेले असता. ते जुने प्रकरण समजून सोडून देऊ नका. कॅल्शियम आणि हायड्रॉक्सिल मिळून होणारा तीन अणूंचा रेणूही २०२४ मध्ये हार्वर्डला चिमट्यांच्या रांगेत धरला गेला. अधिक अणूंचे रेणू येऊ लागले की त्यांच्या पातळ्या वाचू शकणाऱ्या माणसांची गरज वाढणार.

भारतात १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी मिळाली. तरतूद ६,००३.६५ कोटी रुपयांची आणि मुदत २०३१ पर्यंतची. त्यातल्या चार केंद्रांपैकी संगणनाचे केंद्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि संवेदन व मापनाचे आयआयटी मुंबईत आहे. मिशनच्या संगणनाच्या उद्दिष्टांत अतिवाहक आणि प्रकाशीय मंचांचा नावाने उल्लेख आहे. रेणूंची वाट थंड अणूंच्या प्रयोगशाळेतून जाते, म्हणून तिकडे पाहा. पुण्याच्या आयसरमध्ये अतिशीत अणूंवर काम चालते. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत सोडियम आणि पोटॅशियमच्या थंड मिश्रणावर प्रयोगशाळा आहे. दोन प्रकारचे अणू एकत्र थंड करणे ही रेणू घडवण्याआधीची पायरी आहे, हे आता तुम्हाला सांगायला नको.

उन्हाळी प्रकल्पासाठी तीन विज्ञान अकादमींची शिष्यवृत्ती आणि टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम, हे दोन मार्ग पदव्युत्तर विद्यार्थ्याला खुले असतात. अर्जात 'क्वांटम संगणनाची आवड आहे' एवढे लिहून थांबू नका. कोणता निबंध वाचला, त्यातला कोणता हिशोब स्वतः करून पाहिला आणि कुठे अडलात ते चार ओळींत लिहा. वरचा १६० हर्ट्झचा हिशोब आणि थरथरीचा आलेख एवढी सामग्री त्यासाठी पुरते. दरम्यान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लेसर हातात मिळत असेल तर आरसे जुळवण्याचा सराव करा, फोटोडायोडचे साधे मंडल स्वतः डाख देऊन बांधा, त्याचा गोंगाट मोजा आणि तो कुठून येतो ते शोधून काढा. या प्रयोगशाळांमध्ये नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाचा मोठा भाग लेसरची वारंवारता स्थिर करण्यात जातो. मुलाखतीत तुम्हाला विचारले जाण्याची शक्यताही त्याचीच जास्त.